कार्स्टन नीबूर

कार्स्टन नीबूर (१७ मार्च १७३३ – २६ एप्रिल १८१५) हे डेन्मार्कच्या सेवेतील जर्मन भूमापक, नकाशाकार आणि प्रवासी होते. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात पाठवलेल्या संशोधन मोहिमेतील सहा जणांपैकी ते एकटेच जिवंत परतले. येमेनचा त्यांनी तयार केलेला नकाशा, अरबस्तानचे वर्णन करणारे त्यांचे ग्रंथ आणि पर्सेपोलिस येथील कीलाकार लेखांच्या त्यांनी उतरवलेल्या नकला यांसाठी ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

नीबूर यांचा जन्म उत्तर जर्मनीतील ल्युडिंगवर्थ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने त्यांचे शिक्षण खंडित झाले. पुढे भूमापन शिकण्याच्या इच्छेने ते गॉटिंगेन विद्यापीठात दाखल झाले. तेथे खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायर यांनी त्यांना चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याची पद्धत शिकवली.

मोहिमेची पार्श्वभूमी

गॉटिंगेनमधील प्राच्यविद्यापंडित योहान डेव्हिड मिखाएलिस यांनी या मोहिमेची कल्पना मांडली. अरबस्तानातील भाषा, वनस्पती, प्राणी व चालीरीती अभ्यासल्यास बायबलमधील अनेक संदर्भांचा उलगडा होईल, असे त्यांचे मत होते. राजा पाचवा फ्रेडरिक याने मोहिमेचा खर्च उचलला. भाषाभ्यासक फ्रेडरिक क्रिस्टियन फॉन हावन, निसर्गशास्त्रज्ञ व लिनियसचे शिष्य पेटर फोर्स्कोल, वैद्य क्रिस्टियन कार्ल क्रामर, चित्रकार गेओर्ग विल्हेल्म बाउरेनफाइंड, सेवक लार्स बेर्गग्रेन आणि भूमापक म्हणून नीबूर असे सहा जण निवडले गेले. मोहिमेला कोणीही प्रमुख नेमलेला नव्हता. त्यामुळे सदस्यांत, विशेषतः फॉन हावन व फोर्स्कोल यांच्यात, सतत खटके उडत.

जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगन सोडल्यावर ही मंडळी कॉन्स्टँटिनोपलमार्गे इजिप्तला पोहोचली आणि सुमारे वर्षभर तेथे राहिली. तेथे नीबूर यांनी कैरो शहराचा आराखडा तयार केला व नाईलच्या त्रिभुज प्रदेशाचे मोजमाप केले. त्यानंतर सुएझहून जहाजाने जेद्दा गाठून, डिसेंबर १७६२ च्या अखेरीस ते येमेनच्या लुहय्या बंदरात उतरले.

येमेनमधील प्रवास

लुहय्याच्या अमिराने त्यांचे आदराने स्वागत केले. त्यांची सूक्ष्मदर्शके व दुर्बिणी पाहण्यासाठी गावातील लोक येत असत. तेथून ते तिहामा या उष्ण किनारी मैदानातील बैत अल-फकीह या गावी आले. कॉफीच्या मोठ्या बाजारपेठेसाठी हे गाव प्रसिद्ध होते. त्याला मुख्य ठाणे मानून नीबूर यांनी भाड्याच्या गाढवावर बसून आसपासचा प्रदेश पालथा घातला. त्यांच्या अंगावर स्थानिक लोकांसारखाच साधा पोशाख असे. दिशा होकायंत्राने, अंतर प्रवासाला लागलेल्या वेळावरून आणि अक्षांश सूर्य व तारे यांच्या उंचीवरून, अशा रीतीने ते नोंदी करत. कॉफी पिकणाऱ्या डोंगराळ भागात ते फोर्स्कोल यांच्यासह गेले, तेव्हा उतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत कॉफीची झाडे फुलोऱ्यावर होती.

मैदानाच्या तुलनेत डोंगराळ प्रदेशाची हवा थंड होती आणि तेथे पाणीही भरपूर होते. मात्र या प्रवासातच मोहिमेवर आपत्ती ओढवली. मोखा बंदरातील जकात अधिकाऱ्यांनी सामानाची झडती घेताना फोर्स्कोल यांनी मद्यार्कात जतन केलेले माशांचे नमुने उघडून विस्कटले. तेथेच २५ मे १७६३ रोजी फॉन हावन तापाने मरण पावले. राजधानी सानाकडे जात असताना ११ जुलै रोजी यरीम येथे फोर्स्कोल यांचेही निधन झाले. हे दोन्ही मृत्यू हिवतापाने झाले असावेत, असे आज मानले जाते. उरलेल्या चौघांचे सानाच्या इमामाने सन्मानाने स्वागत केले. परंतु सर्वांची प्रकृती खालावल्यामुळे, मोखाहून भारताकडे निघणारे इंग्रजी जहाज गाठण्यासाठी त्यांनी लवकरच साना सोडले.

मुंबईतील वास्तव्य

ऑगस्ट १७६३ मध्ये जहाजाने मोखा सोडल्यावर काही दिवसांतच बाउरेनफाइंड व बेर्गग्रेन यांचा समुद्रावर मृत्यू झाला. फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत क्रामर यांचेही निधन झाले आणि नीबूर एकटे उरले. आजारातून सावरल्यावर त्यांनी घारापुरीच्या लेण्यांना भेट देऊन त्यांचे मोजमाप घेतले व शिल्पांची रेखाटने केली. सुरतचाही प्रवास करून तेथील पारशी व हिंदू समाजांविषयी त्यांनी नोंदी लिहिल्या.

परतीचा प्रवास

डिसेंबर १७६४ मध्ये मुंबई सोडून नीबूर मस्कतमार्गे इराणला गेले. पर्सेपोलिसच्या अवशेषांत त्यांनी कीलाकार लेखांच्या अचूक नकला उतरवल्या. या लेखांत तीन वेगवेगळ्या लिप्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. या नकलांच्या आधारे १८०२ मध्ये गेओर्ग ग्रोटेफेंड यांनी प्राचीन फारसी कीलाकार लिपीच्या उलगड्यास प्रारंभ केला. पुढे बसरा, बगदाद, मोसुल व अलेप्पो या मार्गाने नीबूर नोव्हेंबर १७६७ मध्ये कोपनहेगनला परतले. स्थानिक अन्न, पोशाख व जीवनक्रम स्वीकारल्यामुळेच आपण वाचलो, असे त्यांचे मत होते.

लेखन

अरबस्तानचे वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १७७२ मध्ये, तर प्रवासवर्णनाचे पहिले दोन खंड १७७४ व १७७८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरा खंड त्यांच्या मृत्यूनंतर १८३७ मध्ये प्रकाशित झाला. या लेखनात स्वतःच्या साहसांना फारसे स्थान नाही. स्वतः पाहिलेली गोष्ट आणि इतरांकडून ऐकलेली माहिती यांत ते काळजीपूर्वक फरक करतात. अरबांच्या आतिथ्याची व सहिष्णुतेची त्यांनी मोकळेपणाने दखल घेतली आहे. फोर्स्कोल यांची टिपणे त्यांनी जपून आणली व १७७५ मध्ये प्रकाशित केली. येमेनमध्ये चघळल्या जाणाऱ्या ‘कात’ या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन या टिपणांतूनच प्रथम युरोपात पोहोचले.

उत्तरायुष्य

नीबूर १७७३ मध्ये विवाहबद्ध झाले. १७७८ पासून ते तेव्हा डॅनिश राजाच्या सत्तेखाली असलेल्या मेल्डोर्फ या गावी सरकारी अधिकारी म्हणून राहिले. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी गेली. तेथेच १८१५ मध्ये त्यांचे निधन झाले. रोमच्या इतिहासाचे अभ्यासक बार्टोल्ड गेओर्ग नीबूर हे त्यांचे पुत्र. त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले.

वारसा

नीबूर यांचा येमेनचा नकाशा पुढे दीर्घकाळ प्रवाशांच्या उपयोगी पडला. फॉन हावन यांनी खरेदी केलेली हस्तलिखिते आणि फोर्स्कोल यांचा वनस्पतिसंग्रह कोपनहेगनमध्ये जतन केलेला आहे. डॅनिश लेखक थोरकिल्ड हान्सेन यांच्या १९६२ मधील पुस्तकामुळे ही मोहीम पुन्हा सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.