देवीच्या साथीतला पाद्री

निपाणी हे माझे आजोळ. कोल्हापूरहून निघावे, कागल मागे टाकावे, कोगनोळी ओलांडावी, की आजोळची हवा लागलीच. राज्ये दोन झाली तरी आपल्या सोयरिकी एकच राहिल्या, म्हणून या रस्त्याला सरहद्द आहे हे आम्हांस कधी जाणवले नाही. कोरोनाच्या साथीत मात्र ते जाणवले. कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचे कागद दाखविल्यावाचून पुढे जाता येईना. पलीकडची देवळे व चर्चे जून २०२० मध्ये उघडली. अलीकडच्यांना नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत वाट पाहावी लागली.

त्या दिवसांत बेळगावच्या एका वृद्ध ख्रिस्ती स्नेह्यांशी माझे टेलिफोनवर बोलणे होई. मिस्सा बंद होता. घरातली माणसे संध्याकाळी मेणबत्ती लावून तेर्स म्हणत. त्यांची चिंता मात्र निराळीच होती. एकदा मोडलेली सवय पोरांना पुन्हा लागेल काय, आणि उद्या पाद्री व्हायला कोणा घरचा मुलगा पुढे येईल काय? बोलता बोलता त्यांनी जुझे वाझ यांचे नाव काढले. ते मी ऐकून होतो, एवढेच. मग चरित्र मिळवून वाचले. त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवतो.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे मूळचे सारस्वत, ख्रिस्ती झालेले. शिक्षण जुन्या गोव्यात झाले आणि १६७६ साली, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी, त्यांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. त्या काळी एतद्देशीय मुलास पाद्री होता येई, परंतु मोठ्या युरोपीय संघांची दारे त्याला बंद असत. दिवाडीचे मातेवश द कास्त्रु यांना तर दीक्षेसाठी रोम गाठावे लागले होते; पुढे तेच आपल्या या विजापूरच्या मुलखाचे धर्माधिकारी नेमले गेले.

वाझ यांनी तक्रार केली नाही. जुन्या गोव्यातील काही देशी पाद्री एकत्र राहत होते, त्यांत ते मिसळले आणि १६८५ साली त्या मंडळींचा रीतसर मठ उभा केला. गोव्यातील मुलांना साधुवृत्तीने राहण्याची वाट मोकळी झाली. अर्थात एक उणेपण सांगितले पाहिजे. या मठाचे दार ब्राह्मण कुळांतील ख्रिस्त्यांपुरतेच उघडे राहिले. जातीची गाठ धर्म बदलल्याने सुटली नव्हती.

त्या सुमारास सिंहलद्वीपाची वार्ता येत होती. १६५८ साली डचांनी पोर्तुगीजांना तेथून घालविले आणि कॅथलिक पाद्र्यांस बंदी केली. हजारो कुटुंबे जवळजवळ तीस वर्षे पाद्र्यावाचून राहिली होती. ज्या १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले, त्याच साली वाझ जुवांव नावाच्या सेवकासह गोव्याहून निघाले. पुढल्या वर्षी भिकाऱ्याच्या वेषात जाफन्यास उतरले, तो अतिसाराने खंगलेले. दिवसा लपावे, रात्री घरोघर पूजा करावी, असा क्रम चालला. ते प्रत्येक वस्तीत एखादा जाणता गृहस्थ हेरीत आणि प्रार्थना चालविणे, मुलांना शिकविणे ही कामे त्याच्यावर सोपवीत. त्यामुळे पाद्री पुढच्या गावी गेला तरी वस्तीचा दिवा विझत नसे.

१६९२ साली ते कँडीस गेले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. तेथेच ते सिंहली भाषा शिकले. पुढे राजा विमलधर्मसूर्य याचा संशय फिटला आणि त्यांस मोकळीक मिळाली.

१६९७ साली, इकडे जिंजीचा वेढा चालू असताना, कँडीत देवीची साथ आली. देवीची लस निघण्यास अजून शंभर वर्षे अवकाश होता. राजा व दरबारी शहर सोडून गेले. घरचीच माणसे आजाऱ्यांस टाकून पळू लागली. आपल्याकडे प्लेगात गावे ओस पडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले, ते आजी सांगे. तोच हा प्रकार. वाझ आणि नुकतेच गोव्याहून आलेले फादर जुझे कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी टाकलेल्या रोग्यांस निवारा दिला, त्यांना पेज-पाणी पाजले, फोड धुतले आणि मेलेल्यांना पुरले. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हे त्यांनी विचारले नाही. साथ ओसरल्यावर बौद्ध राजाने त्यांच्या धर्मकार्यास मोकळीक दिली. उपदेशाने जे साधले नसते ते शुश्रूषेने साधले.

गोव्याहून माणसे येतच राहिली. १७०५ साली दिवाडीचे जाकोम गोंसाल्विस आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथरचना केली. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले. १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मठ बंद करीपर्यंत गोव्याचे पाद्री सिंहलद्वीपास जात होते. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तिकडचा बराच मुलूख गोव्याच्या महाधर्मप्रांतात होता. तेव्हा हा पुरुष माझ्या स्नेह्यांच्या घरचाच म्हणावयाचा. हे सारे वाचून झाल्यावर मी त्यांना टेलिफोन केला. पोरे पाद्री होतील की नाही हे मला सांगता येणार नव्हते. पण कँडीत गोव्याची माणसे जात राहिली, ती तेथे कोणी एकजण साथीतही टिकून राहिला म्हणून, एवढे मी बोललो. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की तेर्साची वेळ झाली आहे, नातू मेणबत्ती लावून वाट पाहतो आहे. आणि त्यांनी टेलिफोन ठेवला.