गुन्हा रक्तात नसतो, हीच अण्णाभाऊंची साक्ष!

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गावात चोरी झाली, की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते, हे लहान पोरालाही पाठ असते. वकिली करताना चांगली शिकलीसवरलेली माणसेही आम्हाला विचारतात, की काही जमातींच्या रक्तातच गुन्हेगारी असते ना? या प्रश्नाला आम्ही कायद्याच्या कलमांनी उत्तर देत नाही. आम्ही वाटेगावच्या एका माणसाचे आयुष्य सांगतो.

1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांना मुलगा झाला. त्याचे नाव तुकाराम. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. हाच तुकाराम पुढे साहित्यसम्राट, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे झाला. पण त्याने चोरी करण्याआधीच, किंबहुना चालायला लागण्याआधीच, समाजाने आणि सरकारने त्याच्या कपाळावर शिक्का मारून ठेवला होता.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि 1911 च्या नव्या कायद्याने तो देशभर पसरवला. या कायद्याला पुरावा लागत नव्हता, जात पुरेशी होती. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. वारणाकाठच्या मातंगांनी ही हजेरी भोगली. सुताराचा पोर सुतार, तसा चोराचा पोर चोर, असा त्यामागचा तर्क होता. हा तर्क इंग्रजांना कुठून सुचला? चातुर्वर्ण्याच्या दुकानातूनच तो उचललेला होता! त्याच काळात, 1876 मध्ये, इटलीच्या लोंब्रोझोने जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो, असे पुस्तक लिहिले. इंग्लंडमधील तुरुंगाचे डॉक्टर गोरिंग यांनी सुमारे 3 हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि 1913 मध्ये दाखवून दिले, की असा वेगळा शारीरिक साचा नसतोच. तिकडे शास्त्राने चूक दुरुस्त केली. आपल्याकडे मात्र कायदा 1952 पर्यंत चालला, आणि समजूत अजून चालू आहे.

अण्णाभाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. अस्पृश्य पोराला वर्गात मिळणारी वागणूक सोसवली नाही आणि शाळा सुटली ती कायमची. अकरा-बारा वर्षांचे असताना आईबापांबरोबर ते पायी मुंबईला निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, पोट भरायचे, पुढे चालायचे. मुंबईत कोळसा वेचला, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत घाम गाळला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती पाहून अक्षरे जुळवली.

आता विचार करा. शिक्का आहे, भूक आहे, अक्षरओळख नाही, अनोळखी शहर आहे. रक्ताचा सिद्धांत खरा असता, तर हा पोर कुठे जायला हवा होता? तो गेला कामगारांच्या सभेत. तिथे त्याला हक्काची माणसे मिळाली, गळ्याला काम मिळाले. 1944 मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ वाजवला. 1958 मध्ये मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. दीड दिवस शाळा शिकलेल्या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

गुन्ह्यामागचे मन अण्णाभाऊंनी जसे ओळखले, तसे अनेक शास्त्र्यांना ओळखता आले नाही. त्यांच्या 'स्मशानातलं सोनं' या कथेतला भीमा खाणीत दगड फोडणारा कष्टकरी. खाण बंद पडते, आणि तो मढी उकरून सोने शोधू लागतो. अखेर त्याची दोन बोटे जातात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भीमा वाईट माणूस होता काय? काम बंद पडणे आणि काम सुरू होणे, या दोन बातम्यांच्या मधल्या जागेत त्याचा गुन्हा घडला. 1959 मध्ये आलेली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली 'फकिरा' तर याच मातीची. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा शेवटी आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून स्वतः सरकारच्या हवाली होतो. याच सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या वीरांनी 1944 मध्ये धुळ्याकडे सरकारी खजिना लुटला. त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग मांगवाड्यातला फकिरा मात्र दरोडेखोर कसा?

इथे एक सावधगिरीही हवी. गरिबी आली की गुन्हा येतोच, हाही गैरसमजच आहे. तसे असते तर आमच्या सगळ्या वस्त्या तुरुंगात असत्या, आणि बँका बुडवणारे श्रीमंत देवळात! माणूस घडतो तो काम, सोबत आणि विश्वास यांतून. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीने हेच दाखवले. औंध संस्थानाने 1939 मध्ये तिथे भिंतींशिवायचा तुरुंग सुरू केला. गंभीर गुन्ह्यांतील कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला.

तरीही शिक्का पुसला गेला आहे का? महाराष्ट्रातील भटक्या जमातींतील सहा निरपराध माणसांना फाशीची शिक्षा झाली होती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर त्यांची सोळा वर्षे गेली होती. तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, हे सांगायला त्याच न्यायालयाला 2024 उजाडावे लागले.

18 जुलै 1969 रोजी अण्णाभाऊ मुंबईत गोरेगावी गरिबीतच गेले. दरवर्षी 1 ऑगस्टला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. या वर्षी हार घालाच, पण आणखी एक करा. वस्तीतला पोरगा निव्वळ संशयावरून उचलला गेला, तर दहा जणांनी ठाण्यात जावे. अटकेची कारणे लेखी मागावीत. 24 तासांत त्याला न्यायाधीशापुढे उभे करायला लावावे. संविधानाने हा हक्क दिला आहे. पोराला त्या वेळी मागे उभी राहणारी माणसे दिसली पाहिजेत. अण्णाभाऊंना ती मिळाली म्हणून आपल्याला अण्णाभाऊ मिळाले.

जय भीम!