हिरवळीला कात्री लावणारा बडिंग

जेम्स वॉट, स्टीफन्सन, एडिसन ही नावं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. एडविन बिअर्ड बडिंग हे नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. इंग्लंडात बागेची हौस असलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. बंगल्यापुढच्या हिरवळीवर, क्रिकेटच्या मैदानावर जे गवत कापायचं यंत्र फिरतं, ते या सुताराच्या डोक्यातून निघालं. त्याची ही थोडक्यात ओळख.

बडिंगचा जन्म १७९६ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे त्या काळच्या समाजात सुरुवातच मागच्या बाकावरून. हातात सुतारकाम होतं. पण पुढे ओढ लागली ती लोखंडाची. स्ट्राउड गावाच्या आसपासच्या ओतशाळांमध्ये आणि गिरण्यांमध्ये तो यंत्रं दुरुस्त करू लागला, सुधारू लागला. कॉलेज नाही, डिग्री नाही. बिघडलेलं यंत्र हेच त्याचं पाठ्यपुस्तक होतं.

स्ट्राउडचं खोरं तेव्हा लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होतं. विणलेल्या लोकरी कापडावर बारीक लव उभी राहते. ती एकसारखी कापली की कापड गुळगुळीत दिसतं. आधी हे काम कामगार मोठाल्या कात्र्यांनी करत. मग तिथल्याच ब्रिम्सकोम्बच्या जॉन लुईस यांनी १८१५ मध्ये त्यासाठी फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका सिलिंडरवर पिळाच्या आकारात बसवलेली पाती, खाली एक स्थिर पातं, आणि दोघांच्या मधून सरकणारं कापड. अशी यंत्रं बडिंगच्या रोजच्या पाहण्यातली होती. कापडावरची लव कापता येते, तर जमिनीवरची का नाही? विचार एवढाच. पण हे यंत्र बघणारे शेकडो लोक होते, आणि असा विचार करून तो तडीस नेणारा बडिंग निघाला.

त्या वेळी हिरवळ राखणं म्हणजे श्रीमंतांचा शौक. लांब दांड्याच्या विळ्याने माळी गवत कापत. त्यासाठी गवत दवाने ओलं असावं लागे, म्हणून पहाटे उठून काम. हात मुरलेला नसेल तर हिरवळीवर टकलासारखे चट्टे पडत. ज्यांना माळ्यांची फौज परवडत नसे, ते मेंढ्या सोडत.

बडिंगने थ्रप इथल्या फिनिक्स फाउंड्रीच्या जॉन फेराबी यांच्याबरोबर भागीदारी केली. डोकं बडिंगचं, पैसा आणि कारखाना फेराबींचा. यंत्राची चाचणी रात्रीच्या अंधारात घेतली जाई, म्हणजे कुणी कल्पना चोरू नये आणि हसूही नये, असं सांगतात. ३१ ऑगस्ट १८३० रोजी पेटंट मिळालं. अर्जात बडिंगने यंत्राचे गुण सांगताना एक गंमत केली होती. खेड्यातल्या बड्या मंडळींनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांची करमणूक होईल आणि व्यायामही घडेल, असं त्याने सुचवलं होतं. म्हणजे मार्केटिंगही कळत होतं गड्याला!

आता थोडं आपल्या भाषेत. यंत्राची कापण्याची रुंदी १९ इंच. मागे जड रोलर. माणूस ढकलू लागला की रोलर फिरे, आणि दातेरी चाकांमधून ती गती पात्यांच्या सिलिंडरला मिळे. गुणोत्तर १६ ला १. म्हणजे रोलरचा एक फेरा, तर पात्यांचे सोळा. मधे आणखी एक छोटा रोलर, तो वरखाली करून गवताची उंची ठरवायची. कापलेलं गवत पुढच्या ट्रेमध्ये उडे. दोष एकच, यंत्र फार जड. ढकलणाऱ्याचा दम निघू लागला, तेव्हा पुढून ओढायला दुसरी मूठ बसवावी लागली. ड्रॉइंगवर न दिसणारी अडचण पहिल्या ट्रायलला दिसते, ती अशी.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय आणि ऑक्सफर्डची कॉलेजं होती. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने हे यंत्र बनवायचा परवाना घेतला.

बडिंग मात्र एका यंत्रावर थांबला नाही. लॉनमोअरच्या आधी त्याने अनेक नळ्यांचं पिस्तूल बनवलं होतं. नंतर डर्स्ली गावी जॉर्ज लिस्टर यांच्याकडे लोकर पिंजायच्या यंत्रात सुधारणा केल्या. आपण वर्कशॉपमध्ये वापरतो त्या स्क्रूने जबडा पुढेमागे होणाऱ्या पान्याचं श्रेयही त्याला देतात, काही जण ते रिचर्ड क्लायबर्न यांना देतात. १८४६ मध्ये डर्स्लीलाच तो वारला. वय अवघं पन्नास. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पेटंट १४ वर्षांचं, म्हणजे ते दोनच वर्षांपूर्वी संपलेलं. खरी भरभराट नंतर आली. १८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीन यांनी साखळीवर चालणारं हलकं यंत्र आणलं, मध्यमवर्गाच्या घरापुढे हिरवळी आल्या, १८७७ मध्ये विम्बल्डनला टेनिसची पहिली स्पर्धा झाली. यातलं काहीच बडिंगने पाहिलं नाही.

पण त्याचं तत्त्व आजही तसंच आहे, आणि ते कळलं की यंत्र दुरुस्त करणंही कळतं. सिलिंडरचा मोअर म्हणजे कात्री. गवत कापण्याऐवजी नुसतं वाकत असेल, तर फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये फट पडली आहे असं समजा. कागदाची पट्टी मधे धरून सिलिंडर हळूच फिरवा, बोटं लांब ठेवून. पट्टी सगळ्या रुंदीत स्वच्छ कापली गेली पाहिजे. एका टोकाला कापते आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर त्या बाजूचा स्क्रू थोडा थोडा आवळा. जास्त आवळलात तर पाती घासतात, झिजतात, आणि ढकलताना बडिंगच्या गिऱ्हाइकांसारखा दम लागतो. धार बोथट झाली असेल तर घासायची पेस्ट लावून सिलिंडर उलटं फिरवतात.

घरासाठी यंत्र घ्यायचं तर आधी जमीन बघा. छोटी, सपाट, नेहमी कापली जाणारी हिरवळ असेल तर हाताने ढकलायचा सिलिंडर मोअर उत्तम, पेट्रोल नको की वायर नको. खाचखळगे, उंच गवत असेल तर आडवं पातं भन्नाट वेगाने फिरवणारा रोटरी बरा. तो कात्रीसारखा कापत नाही, वेगाने छाटतो. म्हणून त्याचं पातं बोथट झालं की गवताचे शेंडे फाटतात आणि पुढे वाळके दिसतात. पेट्रोलवरच्या यंत्राच्या पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायची, हा नियम पाठच करा. इलेक्ट्रिक असेल तर प्लग किंवा बॅटरी काढा.

बडिंगचं जुनं यंत्र स्ट्राउडच्या संग्रहालयात पाहायला मिळतं. त्यात नवीन सुटा भाग असा फारसा नाही. रोलर, दातेरी चाकं, पिळाची पाती, सगळं आधीच होतं. त्याने ते कापडाच्या टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवलं. आपण मेकॅनिकलवाले टेक्स्टाइलच्या लॅबमध्ये डोकावत नाही, सिव्हिलवाले आपल्या वर्कशॉपकडे फिरकत नाहीत. पुढच्या सबमिशनच्या गडबडीतून वेळ मिळाला, तर शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये एक चक्कर मारून बघा. आपल्या प्रोजेक्टचं उत्तर तिथे कधीचं फिरत असेल.