ग्रेगोर मेंडेल : चारांतला एक

दर वर्षी गणपतीच्या आधी मंडळाची मंडळी स्मरणिकेसाठी लेख मागतात आणि आम्ही काहीतरी कारण सांगून सुटतो. डी.एम.एल.टी.चा डिप्लोमा घेऊन सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासणारा माणूस लिहून लिहून काय लिहिणार? पण आमच्या टेबलावर रोज ज्यांचे गणित चालते, त्या गृहस्थांविषयी एकदा सांगावे असे बरेच दिवस मनात होते. म्हणून या वेळी होकार दिला.

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म जुलै 1822 चा. तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातले, आजच्या चेक प्रजासत्ताकातले हिंचित्से हे त्यांचे गाव. पाळण्यातले नाव योहान. वडील शेतकरी, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला जायचे आणि उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती करायची, असा तिथला रिवाज. वडिलांना फळझाडांवर कलमे करण्याची हौस होती आणि मुलाचे बोट तिथेच मातीत गेले. 1838 मध्ये वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला आणि घराचा आधार खचला. सोळा वर्षांचा मुलगा शिकवण्या करून, कधी अर्धपोटी राहून शिकत राहिला. पैसे अगदीच संपले तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या हिश्श्यातून भावाला वाटा दिला. भावाने हे ऋण पुढे फेडले. तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

1843 मध्ये ते ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि ग्रेगोर झाले. वैराग्यापेक्षा पोटाची चिंता मिटावी आणि शिकता यावे, हा त्यात मोठा भाग होता. धर्मगुरूचे काम त्यांना झेपले नाही. आजाऱ्यांच्या बिछान्याशी जाऊन ते स्वतःच आजारी पडत. मठाधिपती नाप हे समजूतदार गृहस्थ. त्यांनी मेंडेलना शिकवायला पाठवले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेला ते 1850 मध्ये बसले आणि नापास झाले. भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र कच्चे निघाले. नाप यांनी त्यांना दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तिथे डॉप्लर यांच्याकडून भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडून वनस्पतिशास्त्र शिकून ते परतले. 1856 मध्ये पुन्हा परीक्षेला बसले आणि घाबरून अर्ध्यातूनच उठून आले. ब्रनोच्या शाळेत चौदा वर्षे त्यांनी हंगामी शिक्षक म्हणून काढली, पर्मनंट काही झाले नाहीत. आमची विभागीय परीक्षाही दुसऱ्या खेपेला सुटली होती, त्यामुळे या प्रकरणापुरते आम्हाला त्यांच्याविषयी विशेष प्रेम आहे.

याच हंगामी काळात, 1856 ते 1863, मठाच्या बागेतल्या पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद पट्ट्यात त्यांनी वाटाणे लावले. इंदुरात आपण ज्याला बटला म्हणतो तोच हा. बियाणे विकणाऱ्यांकडून 34 वाण आणले, दोन वर्षे पेरून पाहिले आणि खात्रीचे 22 ठेवले. मग सात गुण निवडले : दाणा गोल की सुरकुतलेला, आतून पिवळा की हिरवा, रोप उंच की बुटके, असे. वाटाण्याचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. म्हणून कळी पुरती उमलण्याआधी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे आणि वर पिशवी बांधायची. आठ वर्षांत रोपे झाली सुमारे 28,000.

इथे एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते आणि पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते. मेंडेल यांनी प्रत्येक संकर दोन्ही बाजूंनी केला. एकदा पिवळ्याचे पराग हिरव्यावर, एकदा हिरव्याचे पिवळ्यावर. निकालात काही फरक पडला नाही. आपल्याकडे पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, ही उपमा शतकानुशतके चालत आली. युरोपातही असे मानणारे होतेच. या बागेत आई आणि बाप यांचा वाटा सारखा निघाला.

पिवळ्या आणि हिरव्याच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे आले. हिरवा संपला असे कोणीही म्हटले असते. तेच दाणे पुन्हा पेरल्यावर पुढच्या पिढीत 8,023 दाणे मिळाले : 6,022 पिवळे आणि 2,001 हिरवे. चारांतला एक. गोल आणि सुरकुतलेल्यांचेही तसेच; 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले. हिरवेपण कुठे गेले नव्हते, पिवळ्याच्या आड बसले होते. मग त्यांनी गोल दाण्यांपासून 565 रोपे वाढवून पाहिली. 193 रोपांनी फक्त गोल दाणे दिले, 372 रोपांनी दोन्ही प्रकारचे. म्हणजे वरून सारखे दिसणाऱ्या तिघांत दोघे काहीतरी लपवून होते. प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, आणि पुढच्या पिढीला त्यांतला कोणता जाईल हे दर वेळी नव्याने ठरते, हा त्यांचा निष्कर्ष. त्या अंशांना आज आपण जनुके म्हणतो.

हे आकडे जरा जास्तच जुळतात, अशी शंका इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1936 मध्ये काढली. तो वाद अजून रंगतो. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशी मोजणाऱ्याला इतके कळते की काठावरचा दाणा इकडे धरायचा की तिकडे, यात मोजणाऱ्याचे मन थोडे डोकावतेच. प्रमाण मात्र पुढे अनेकांनी पडताळले आणि ते टिकले.

8 फेब्रुवारी आणि 8 मार्च 1865 या दोन दिवशी ब्रनोच्या निसर्गविज्ञान संस्थेत त्यांनी हे वाचून दाखवले. पुढच्या वर्षी छापून आले. त्यांनी चाळीस वेगळ्या प्रती काढून घेतल्या. म्युनिकचे नामांकित नेगेली यांच्याशी सात वर्षे पत्रव्यवहार चालला. नेगेली यांच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलावरही मेंडेल यांनी संकर करून पाहिले. त्यात डोळे शिणले आणि हाती काही लागले नाही. ते झाड बहुधा परागाशिवायच बी धरते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

1868 मध्ये ते मठाधिपती झाले आणि बाग मागे पडली. 1874 मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्याय आहे म्हणून मेंडेल यांनी अखेरपर्यंत भरला नाही. अर्ज, उत्तरे, जप्ती यांत दहा वर्षे गेली. आम्ही सरकारी नोकर, कर भरू नये असे म्हणणार नाही. पण त्या अर्जांपायी किती पेरण्या राहिल्या असतील याचा विचार येतो. हवामानाच्या नोंदी आणि मधमाश्या तेवढ्या त्यांनी सोडल्या नाहीत. 6 जानेवारी 1884 रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले. अंत्यविधीचे संगीत यानाचेक यांनी सांभाळले, जे पुढे मोठे संगीतकार झाले. मठातले बरेचसे कागद नंतर जाळले गेले.

1900 मध्ये द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेर्माक हे तिघे वेगवेगळ्या वाटांनी त्याच नियमापाशी पोहोचले आणि चौतीस वर्षांपूर्वीचा तो अंक पुन्हा उघडला गेला. या ज्ञानाचे हालही झाले. जर्मनीत 1933 मध्ये आनुवंशिकतेच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. रशियात उलटे, तिथे मेंडेलचा नियम मानणेच गुन्ह्यासारखे झाले आणि वाव्हिलोव्ह यांच्यासारखा बियाण्यांचा जाणकार 1943 मध्ये तुरुंगात मेला.

आमच्या टेबलाशी त्यांचा संबंध आहे तो सिकलसेलमुळे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आजार बराच आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि मूल हाडांच्या वेदनेने रात्रभर रडते. तो मेंडेलच्या नियमानेच पुढे जातो, हे नील या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये दाखवले. 1 जुलै 2023 रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय मिशन सुरू झाले आणि तपासलेल्यांना कार्ड मिळू लागले. आधी सॉल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की पक्क्या तपासणीला नमुना पुढे.

रिपोर्ट घ्यायला बहुतेक वेळा आई, बाप आणि सासू असे तिघे येतात. सासूची नजर सुनेवर असते. आई-बाप दोघेही धडधाकट, दोघेही वाहक. आम्ही रिपोर्टच्या पाठीमागे चार गोल काढतो : एक कोरा, दोन अर्धे भरलेले, एक पूर्ण काळा. मग प्रत्येक काळ्या अर्ध्याकडे दोन रेघा ओढून दाखवतो की एक अर्धा आईकडचा, तर दुसरा बापाकडचा. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगली निघतील असेही नाही, दर खेपेला चारांतला एक हाच हिशेब, हे समजवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. बाप कागद हातात घेऊन बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहतो. मग तो कागद कार्डासोबत घडी करून खिशात ठेवतो, आणि धाकट्याचे रक्त कधी आणायचे ते विचारतो.