विश्लेषण : उजवा हात निकामी झाला, तरी पिस्तूल सोडले नाही... कारोय ताकाच यांनी डाव्या हाताने दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके कशी जिंकली?

हंगेरीच्या एका सैनिकाची गोष्ट मराठी व्हॉट्सॲप गटांत आणि प्रेरणादायी व्याख्यानांत वर्षानुवर्षे फिरते आहे. उजवा हात गमावलेला नेमबाज डाव्या हाताने ऑलिम्पिक जिंकतो, अशी ती गोष्ट. त्यात नाव बहुधा कॅरोली टाकॅक्स असे येते. हंगेरियन उच्चाराला जवळचे रूप कारोय ताकाच. गोष्ट खरी आहे. मात्र ती जिद्दीपाशी थांबते आणि एका साध्या प्रश्नाला हातच घालत नाही. दुखापतीनंतर हातात कोणते शस्त्र घ्यायचे, हे त्यांनी कसे ठरवले असेल? त्यांच्या आयुष्यातला सर्वांत रंजक भाग हाच आहे.

कोण होते ताकाच?

ताकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. ते हंगेरीच्या सैन्यात होते आणि १९३६ पर्यंत पिस्तूल नेमबाजीत जागतिक दर्जाचे मानले जाऊ लागले होते. त्या वर्षीच्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड व्हायला हवी होती, पण झाली नाही. कारण नेमबाजीतले नव्हते, हुद्द्याचे होते. ते सार्जंट होते आणि हंगेरीच्या संघात फक्त अधिकाऱ्यांनाच जागा मिळे. बर्लिननंतर हा नियम उठला. व्हॉट्सॲपवरच्या गोष्टीत हा भाग सहसा नसतो. १९४० च्या ऑलिम्पिककडे ताकाच एवढ्या आशेने का पाहत होते, हे त्याशिवाय कळत नाही.

१९३८ मध्ये नेमके काय झाले?

सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्यांच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने ते नेम धरत, तोच हात निकामी झाला. वय २८. महिनाभर रुग्णालयात काढल्यावर ते बाहेर आले आणि कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव करू लागले. १९३९ च्या वसंतात त्यांनी हंगेरीचे राष्ट्रीय पिस्तूल विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ऑटोमॅटिक पिस्तूल प्रकारात जिंकलेल्या हंगेरीच्या संघातही ते होते. अपघात आणि राष्ट्रीय विजेतेपद यांच्यात जेमतेम वर्षभराचे अंतर. एवढ्या अवधीत सवयीचा हात बदलून पुन्हा देशात पहिले येणे कसे शक्य झाले?

रायफल नाही, पिस्तूलच का?

याचे उत्तर बऱ्याच अंशी खेळाच्या नियमांत आहे. रायफलला दोन हात लागतात. एक चाप ओढतो, दुसरा नळीखाली आधार देतो. दस्ता खांद्यात रुततो आणि गाल त्यावर टेकतो, त्यामुळे नेम कोणत्या डोळ्याने धरायचा हेही जवळपास ठरून जाते. स्पर्धेतले पिस्तूल मात्र एकाच हाताने धरायचे असते. मनगटाला आधार चालत नाही. दुसऱ्या हाताला कामच नसते, म्हणून नेमबाज तो खिशात घालतात किंवा पट्ट्यात अडकवतात. म्हणजे ताकाच यांच्या खेळात एक हात आधीपासूनच रिकामा होता. अपघाताने तो कोणता, एवढेच बदलले. शिवाय पिस्तूल हात लांब करून धरले जात असल्याने मान किंचित वळवली तरी नेम दुसऱ्या डोळ्याने जुळवता येतो.

म्हणून काम सोपे झाले असे मात्र नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ तळव्याच्या आकाराला बसेल अशी घडवलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यात बसत नाही. अंगठ्याचा टेकूही उलट्या बाजूला येतो. स्वयंभरण पिस्तुलातून रिकाम्या पुंगळ्या साधारणपणे उजवीकडे उडतात, म्हणजे डाव्या हाताने झाडणाऱ्याच्या समोरून जातात. आणि या सगळ्याहून अवघड असते ते चापावरचे बोट. नळी न हलवता चाप मागे घेणे हे त्या बोटाने हजारो वेळा केलेले काम असते, आणि दुसऱ्या हाताचे बोट ते पहिल्यापासून शिकते.

मोठ्या खंडानंतर परतणाऱ्या नेमबाजाला अनुभवी प्रशिक्षक सहसा हेच सांगतात की आधी कमी धक्क्याचे शस्त्र घ्या, रिकाम्या पिस्तुलावर चाप ओढण्याचा सराव करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ताकाच यांच्या प्रकारात हलके पॉइंट टू-टू पिस्तूल वापरतात. त्याचा धक्का थोडा, त्यामुळे नवख्या मनगटालाही ते झेपते. हात बदलला होताच. शस्त्र आणि प्रकार त्यांनी तोच ठेवला.

रॅपिड फायर हा प्रकार किती कठीण?

पिस्तूल प्रकारांत सर्वांत कमी सवड देणारा हाच. २५ मीटरवर पाच लक्ष्ये शेजारी शेजारी उभी असतात आणि प्रत्येकावर एक गोळी झाडायची असते. आजच्या नियमांत पाच गोळ्यांच्या फैरीला आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंद मिळतात. चार सेकंदांत हात वर आणायचा, पहिले लक्ष्य गाठायचे आणि उरलेल्या चारांवर सरकत जायचे. एकूण ६० गोळ्या, कमाल ६०० गुण. हात बदललेल्या माणसाने याऐवजी सावकाश नेम धरण्याचा प्रकार निवडला असता, तर कुणी नावे ठेवली नसती.

मग लंडनपर्यंत दहा वर्षे का लागली?

महायुद्धामुळे. १९४० चे ऑलिम्पिक टोकियोकडून हेलसिंकीकडे गेले आणि मग रद्दच झाले. १९४४ चे लंडनला व्हायचे होते, तेही झाले नाही. लंडनला खेळ अखेर १९४८ मध्ये झाले, तेव्हा ताकाच ३८ वर्षांचे होते. अपघाताला दहा वर्षे उलटली होती.

नेमबाजी बिस्ली येथे झाली. सर्वांच्या नजरा अर्जेंटिनाचे जगज्जेते कार्लोस साएन्झ वालिएन्ते यांच्यावर होत्या. स्पर्धेआधी वालिएन्ते यांनी ताकाच यांना लंडनला कशासाठी आलात असे विचारले आणि ताकाच यांनी शिकायला आल्याचे सांगितले, असा किस्सा प्रसिद्ध आहे. निकाल असा लागला : ताकाच ५८० गुण, नवा विश्वविक्रम. वालिएन्ते ५७१, रौप्य. तुमचे शिक्षण पुरेसे झाले आहे, अशी दाद नंतर वालिएन्ते यांनीच दिली म्हणतात.

१९५२ मध्ये हेलसिंकीला ते पुन्हा जिंकले. या वेळी ५७९ गुण मिळाले आणि आघाडी अवघ्या एका गुणाची होती. हंगेरीचेच सिलार्ड कुन आणि रुमानियाचे लिखिआर्दोपोल हे दोघेही ५७८ वर थांबले. रौप्य कुन यांना मिळाले, आणि ते ताकाच यांच्याहून सुमारे २५ वर्षांनी लहान होते. रॅपिड फायरचे ऑलिम्पिक सुवर्ण दोनदा जिंकणारे ताकाच हे पहिलेच नेमबाज. युद्धाने ज्या दोन शहरांचे ऑलिम्पिक हिरावले, त्याच दोन शहरांत त्यांची दोन्ही सुवर्णपदके आली.

पुढे काय झाले?

१९५६ मध्ये मेलबर्नला ते आठवे आले. तरी पिस्तूल खाली ठेवले नाही. १९५८ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत त्यांनी सेंटर फायर पिस्तुलात कांस्य मिळवले. या प्रकारात मोठ्या व्यासाची गोळी असते आणि धक्काही जास्त बसतो. वीस वर्षांपूर्वी नवखा असलेला डावा हात वयाच्या ४८ व्या वर्षी जड पिस्तुलावरही पदक घेऊन आला. माझ्या मते हे कांस्य दोन्ही सुवर्णांच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे, पण व्हॉट्सॲपवरच्या गोष्टीत त्याला कधी जागा मिळालेली नाही.

देशांतर्गत त्यांच्या नावावर ३५ विजेतेपदे जमा झाली. सैन्यातला सार्जंट पुढे अधिकारी झाला, आणि खेळ थांबवल्यावर ताकाच प्रशिक्षक झाले.

भारतीय वाचकांना हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. लंडनमध्येच २०१२ च्या ऑलिम्पिकला आपल्या सैन्यातील विजय कुमार यांनी रौप्य जिंकले ते याच २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात. तेही अधिकारी नव्हते, सुभेदार होते.

ताकाच यांचे ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्ट येथे निधन झाले. सहासष्टावा वाढदिवस १६ दिवसांवर होता.