सार्वजनिक काकांचा एक खटला

सार्वजनिक काका, म्हणजेच गणेश वासुदेव जोशी, यांचे नाव निघाले की आपण त्यांची खादी आठवतो. आम्हाला मात्र त्यांचा एक खटला अधिक मोठा वाटतो.

काकांचा जन्म १८२८ साली आपल्या साताऱ्यात झाला. पुढे पुण्यात ते वकील झाले. १८७० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली. मार्ग अर्जविनंत्यांचा, बंडाचा नव्हे. पण १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सरकारविरुद्ध युद्धाचा आरोप, म्हणजे फाशीचीही भीती! बंडवाल्याचे वकीलपत्र घेणाऱ्यावरही संशय यावा असे ते दिवस. तरी काका कोर्टात फडक्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा जन्मठेपेची झाली, फाशीची नाही. फडक्यांना एडनला नेले. १८८३ मध्ये ते तिथेच वारले. काका त्याआधीच, २५ जुलै १८८० रोजी गेले होते.