बाबूराव अर्नाळकर : एका विपुल लेखकाचे विरळ चरित्र

विरारच्या पश्चिमेस, वैतरणा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे अर्नाळा हे गाव आहे. गावासमोरच्या बेटावर जलदुर्ग आहे. १७३७ साली सुरू झालेल्या मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो. परंतु महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या तोंडी या गावाचे नाव रुळले ते किल्ल्यामुळे नव्हे, एका टोपणनावामुळे. चंद्रकांत सखाराम चव्हाण या लेखकाने आपल्या आडनावाच्या जागी गावाचे नाव लावले आणि चव्हाण हे नाव जवळजवळ पुसले गेले. आज पदव्युत्तर वर्गात बाबूराव अर्नाळकर हे नाव उच्चारले तर काही विद्यार्थी ओळखीचे हसतात. त्यांची एखादी पुस्तिका प्रत्यक्ष वाचली आहे काय, असे विचारले की मात्र वर्ग शांत होतो. हा अनुभव प्रस्तुत लेखकास एकदाच आलेला नाही.

अर्नाळकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मले. त्यांच्या वाचनाच्या वयात मराठी अद्भुतरम्य कादंबरी भरात होती. गोविंद नारायणशास्त्री दातार आणि नाथमाधव यांनी गुहा, भुयारे, वेषांतरे आणि कारस्थाने यांची गोडी वाचकास आधीच लावून ठेवली होती. हे लक्षात घेतले म्हणजे अर्नाळकरांची रहस्यकथा केवळ इंग्रजीतून उचलून आणलेली वस्तू होती हा आपल्याकडील रूढ समज अपुरा ठरतो. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू यांच्यामागे शेरलॉक होम्स आणि वॉटसन उभे आहेत, हे उघड आहे. काळा पहाड हा कायद्याबाहेरचा नायकही रॅफल्स आणि आर्सेन ल्युपिन यांच्या कुळातला आहे. पण या मंडळींना मराठी घरात वावरायला लावणे, त्यांच्या तोंडी सरळ मराठी घालणे आणि गिरगाव-परळच्या वाचकास ती परकी वाटू न देणे, हे काम दातारांच्या वाचकवर्गावाचून साधले नसते.

मुंबईत त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. लेखन हा व्यवसाय झाल्यावरही दुकानदार ही त्यांची ओळख परिचितांच्या बोलण्यात टिकून राहिली. आपल्या वाङ्मयेतिहासात प्राध्यापक, संपादक, वकील असे लेखक पुष्कळ भेटतात. गल्ल्यावर बसणारा लेखक क्वचित. अर्नाळकरांच्या लेखनातील काटकसर या पार्श्वभूमीवर समजू लागते. वाक्ये आखूड असतात, वर्णन कामापुरते असते आणि पहिल्या पानावरच काहीतरी घडून गेलेले असते. गिऱ्हाईकास ताटकळत ठेवायचे नाही, हा धडा त्यांनी दुकानात गिरवला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो.

१९३६ पासून १९८४ पर्यंत त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, अशी नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. अठ्ठेचाळीस वर्षांत हा आकडा म्हणजे वर्षास बावीस-तेवीस, महिन्यास जवळजवळ दोन पुस्तके. मात्र हा आकडा उद्धृत करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नोंद छोट्या रहस्यकथांची आहे. आपण तिला सरसकट 'हजार कादंबऱ्या' म्हणतो. प्रदीर्घ कथा म्हणावी की कादंबरिका, हा वाङ्मयप्रकाराचा प्रश्न येथे केवळ शास्त्रार्थाचा राहत नाही, कारण लेखकाच्या संपूर्ण कर्तृत्वाचे माप त्यावर अवलंबून आहे.

त्यांच्या नायकांत झुंजार हा मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. धनंजय बुद्धीने गुन्ह्याचा उलगडा करतो आणि तेथे त्याचे काम संपते. झुंजार मात्र न्यायासाठी कायदा ओलांडतो, आणि त्याच्या साहसांत त्याची पत्नी विजया सहभागी असते. चाळीस-पन्नासच्या दशकांतील लोकप्रिय मराठी कथेत पतीबरोबर धोका पत्करणारी ही स्त्री आपल्या स्त्रीप्रतिमांच्या अभ्यासातून का सुटली, याचे उत्तर अवघड नाही. ती ज्या पुस्तिकांत आहे त्या विद्यापीठीय ग्रंथालयांनी सहसा विकत घेतल्याच नाहीत. त्या राहिल्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत, आणि वाचता वाचता फाटून संपल्या.

सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईक यांच्यासारखे नव्या दमाचे रहस्यकथाकार पुढे आले. पुढे दूरदर्शन संच घरोघर पोहोचला आणि भाड्याची वाचनालये ओस पडत गेली. अर्नाळकरांचे लेखन १९८४ च्या सुमारास थांबले. ५ जुलै १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्राची साधने शोधू लागले की अडचण पुरव्याची येते. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १९५० पर्यंतच येते, म्हणजे अर्नाळकरांच्या लेखनकाळातील पहिली चौदा वर्षेच तिच्या कक्षेत आहेत. उरलेल्या चौतीस वर्षांसाठी प्रत्यक्ष प्रतींवाचून गत्यंतर नाही, आणि त्या प्रती कोठे आहेत? वसई तालुक्यातील एका वाचनालयाने रद्दीसाठी बाजूला काढलेल्या गठ्ठ्यात प्रस्तुत लेखकास त्यांच्या काही पुस्तिका मिळाल्या. कागद तपकिरी पडलेला, टाचण्या गंजलेल्या, मुखपृष्ठे बहुतेक गेलेली. दोन पुस्तिकांवर प्रकाशनवर्ष नव्हते. एकीवर वाचनालयाच्या परतीच्या तारखांचे शिक्के इतके दाटीने उमटले होते की तारखा वाचता येईनात. पण ती किती हातांतून फिरली असेल ते मात्र त्यावरून कळत होते.

त्या रात्री त्यांतील एक झुंजारकथा एका बैठकीत वाचून काढली. कथानकातील योगायोग ढोबळ आहेत, खलनायक पुढे काय करणार हे आधीच ध्यानात येते, आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. असे का होते हे समीक्षेच्या परिभाषेत सांगणे मला अद्याप जमलेले नाही. शेवटची चार पाने फाटलेली होती. दुसरी प्रत मिळावी म्हणून पुढे तीन ग्रंथालयांच्या सूची पाहिल्या. तिन्ही ठिकाणी अर्नाळकर या नावाखाली त्या शीर्षकाची नोंद सापडली नाही. आता दात्यांच्या सूचीतील शीर्षके एकेक कार्डावर उतरवून उपलब्ध प्रतींशी ताडून पाहण्याचे काम हाती घेतले आहे. ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत अशा पुस्तिका असतील, त्यांनी त्या रद्दीत देण्यापूर्वी शीर्षक, मुद्रणालय आणि किंमत एवढे तरी टिपून विभागाकडे पाठवावे.